तारांखालचं कापड

भीमाचार्यांनी टेबलावरचा उघडा रेडिओ कोपराने बाजूला सरकवला, सुटे स्क्रू एका बशीत गोळा केले आणि चादरीची गाठ सोडायला घेतली. गाठ राजलक्ष्मीने घरी स्वतःच बांधली होती. रिक्षात वाद्य निसटेल या भीतीने तिने ती जरा जास्तच आवळली होती. आचार्यांच्या नखांना ती दाद देईना. शेवटी देवाप्पा पुढे झाला आणि त्याने ती दातांनी सोडवली.

"उष्टं झालं की रे," आचार्य म्हणाले.

"म्हणून तर मी सोडवली. तुमचा धर्म वाचला."

चादरीतून मल्हाररावांची बास गिटार बाहेर आली. शिसवी दांडा, प्लायवुडचं पोकळ अंग, चार जाड तारा. तिघेही जण वाकून बघत राहिले. मल्हारराव जाऊन चार महिने झाले होते. त्यांच्याविषयी काही बोलायचं तर आत्ताच, असं त्या शांततेत वाटत होतं. पण बसवंतने वाद्य उचललं आणि हातात तोलून पाहिलं.

"बघा, कसं हलकं. आणि ह्या देवाप्पाचं म्हणजे रुब्बुगुंडू. इडलीचं पीठ वाटून घ्यावं त्याच्यावर."

"वजनाशिवाय खर्ज येत नाही," देवाप्पा म्हणाला.

"मग ह्याच्यात कुठनं येत होता?"

राजलक्ष्मी दाराशेजारच्या खुर्चीवर बसली होती. जयनगरच्या तिसऱ्या ब्लॉकातलं हे रेडिओदुरुस्तीचं दुकान म्हणजे आचार्यांच्या घराची पुढची खोली. दर रविवारी सकाळी दहा वाजता तिचे आप्पा, मल्हारराव, इथे येत, एवढं तिला ठाऊक होतं. आत ती आज पहिल्यांदाच आली होती. आचार्य रेडिओ दुरुस्त करत आणि जुन्या सुट्या भागांतून अ‍ॅम्प्लिफायर जुळवत. देवाप्पा एका कारखान्यात लेथवर होता. बसवंत मूळचा निपाणीचा, सरकारी कचेरीत कारकून, आणि लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात बास वाजवणारा. आप्पा टेलिफोनच्या कारखान्यात कॉइल गुंडाळत. चौघांच्याही गिटारी घरी बनवलेल्या होत्या. विलायती बास गिटार त्यांनी मासिकातल्या फोटोतच पाहिली होती, आणि तो फोटो आचार्यांच्या भिंतीवर लक्ष्मीच्या कॅलेंडरखाली चिकटवलेला होता.

बसवंतच्या ऑर्केस्ट्रासाठी ती हे वाद्य देऊन टाकणार होती. आईला त्याची अडगळ होत नव्हती. पण आई त्याच्यावरची धूळ रोज पुसत होती, आणि ते राजलक्ष्मीला बघवत नव्हतं.

"ह्या कॉइलला किती वेढे असतील?" देवाप्पाने बोटाने दांड्याखालचा, तारांचा आवाज टिपणारा काळा डबा दाखवला.

"सहा हजार," आचार्य म्हणाले. "मला त्यांनीच सांगितलं होतं."

"मला आठ म्हणाले होते."

"तुला आठच सांगणार. त्यावर ताण म्हणून तू दहा केले असतेस."

बसवंत हसला. मग तो तारांकडे वळला. या पियानोच्या तारा, वरून तांब्याची गुंडाळी मल्हाररावांच्या हातची. ही तिसरी बघा, हिच्यावर एक वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. देवाप्पाचं म्हणणं, तारा आता मेल्यात, सोडा घालून उकळाव्या लागतील. बसवंत म्हणाला, उकळून बघ, तुझाच हात उकळून काढतो. अर्धा तास असाच गेला. आतून आचार्यांच्या बायकोने, चंपाबाईंनी, कॉफी पाठवली. राजलक्ष्मीने ती पिऊन भांडं खाली ठेवलं, तरी बोलणं कॉइलवरून लाकडावर आणि लाकडावरून डिंकावर चाललंच होतं. आप्पा घरी इतकं कधी बोलत नसत. इथे बोलत असतील का, हे विचारावंसं तिला वाटलं.

"आणि हे," देवाप्पा म्हणाला, आणि तिघेही एकदम खाली वाकले.

तारा जिथे संपतात त्या लाकडी घोडीला लागून, तारांच्या खाली, कापडाची एक जाड घडी दाबून बसवलेली होती.

"खरी जादू ही," बसवंत राजलक्ष्मीकडे वळून म्हणाला. "अक्का, तुमच्या वडिलांचा आवाज म्हणजे हे कापड. ठप्प. तार वाजली की तिथंच संपली. दुसरीच्या पायात पाय नाही. आम्ही सगळ्यांनी नक्कल केली. मी सायकलच्या सीटखालचा नमदा घातला. ह्यानं लेथला पॉलिश करायचं फेल्ट घातलं."

"आणि आचार्यांनी काय घातलं ते सांग की."

"नको."

"आईच्या सोवळ्याच्या धाबळीचा तुकडा कापला, अक्का! म्हातारीनं तीन दिवस शोधली धाबळी."

"चार दिवस," आचार्य शांतपणे म्हणाले. "पण आवाज काही त्यांच्यासारखा आला नाही. तेवढं एक सांगा अक्का, कापड कसलं आहे ते? आम्ही विचारलं की ते नुसते हसायचे."

"इस्त्रीखाली घालायच्या कांबळ्याचं," ती म्हणाली. "एक कोपरा जळला होता, तो कापलेला."

"जळलेलं!" देवाप्पा म्हणाला. "बघा. लोकर जळली की घट्ट होते. मी म्हणत होतो."

"कधी म्हणत होतास?"

राजलक्ष्मीने पदर सारखा केला. सहा वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ तिला नीट आठवत होती, कारण त्यानंतर ती तिने पुष्कळदा आठवली होती. परीक्षा आठवड्यावर आली होती. भिंतीपलीकडून तो आवाज येत होता, लांबलचक, एकात एक मिसळणारा, टेबलावरची दौतसुद्धा हलवणारा. ती उठून दारात गेली होती आणि म्हणाली होती, "आप्पा, पोटात शिरतंय ते. त्याला जरा गप्प बसवा." आप्पांनी तारांवर तळहात ठेवला होता. बरं म्हणाले होते. दुसऱ्या दिवसापासून भिंतीतून नुसतं ठप्प, ठप्प येऊ लागलं. तिला पहिला वर्ग मिळाला. परीक्षा संपल्यावर 'आता काढा ते कापड' असं म्हणायला हवं होतं. त्या वर्षी म्हटलं नाही, पुढच्या वर्षी ती ते विसरली, आणि मग भिंतीतला तो आवाज घराचाच झाला.

"मला एक हवं होतं," ती म्हणाली. तिघेही तिच्याकडे बघू लागले. "हे कापड काढून एकदा वाजवाल का? मग घेऊन जा."

"काढून?" बसवंत म्हणाला.

"एकदाच."

"अक्का, मी आत्ता काय सांगितलं? अहो, तोच तर त्यांचा आवाज."

"तो माहीत आहे मला. मला त्याच्याआधीचा ऐकायचा आहे."

देवाप्पाने काही बोलायला तोंड उघडलं, पण आचार्यांनी हात वर केला आणि ते उठून अ‍ॅम्प्लिफायरकडे गेले. बटण दाबल्यावर वाल्व्ह तापायला वेळ लागला. पेटीतून हळूहळू घुं असा आवाज वर आला. बसवंतने खिशातून कंगवा काढला, त्याच्या दांड्याने कापडाची घडी अलगद पुढे ढकलली आणि बाहेर ओढली. ती सहा वर्षं दाबली गेल्यामुळे सपाट झाली होती आणि तिच्यावर चार तारांच्या चार खुणा होत्या. त्याने ती रेडिओशेजारी ठेवली, पट्टा गळ्यात अडकवला आणि सर्वांत जाड तार छेडली.

आवाज आला आणि थांबेचना. तो भिंतीवर गेला, परत आला; फळीवरच्या रेडिओंच्या काचा तडतडू लागल्या. बसवंतने दुसरी तार छेडली तर पहिली अजून चालूच होती. तिसरीवर तो एका सुरापाशी गेला आणि ते पोकळ प्लायवुड एखाद्या रिकाम्या पिंपासारखं घुमलं. देवाप्पाने कानावर हात ठेवले. आतल्या खोलीतून चंपाबाईंची हाक आली, "काय पडलं का हो?"

बसवंतने तळहात ठेवून तारा थांबवल्या.

"असं," तो म्हणाला.

राजलक्ष्मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती. या आवाजाची तिने गेले चार महिने कल्पना केली होती. कल्पनेत तो मोठा होता, खोल होता, आणि तो तिने बंद केला होता.

"तुम्हाला नीट लागला नाही का?" तिने विचारलं.

"लागला की. हे असंच आहे." बसवंतने पट्टा गळ्यातून काढला. "अक्का, रागावू नका. वाद्य चुकलंय त्यांचं. अंग पोकळ केलं, फळी पातळ घेतली. सुरुवातीचे दोन-तीन रविवार असंच बोंबलत होतं ते. आम्ही म्हणालो, मल्हारराव, मोडून टाका, दुसरं करू."

"मी म्हणालो होतो," देवाप्पा म्हणाला. "सरळ सांगितलं मी, चुलीत घाला. वाईट वाटलं असणार त्यांना. पुढच्या रविवारी आले नाहीत."

"त्याच्या पुढच्या रविवारी आले. हे कापड घालून." बसवंतने घडीकडे बोट केलं. "वाजवलं आणि आम्ही गप्प. ह्याचा तर आ वासलेला. मी विचारलं, कुणी शिकवलं हो? तर म्हणाले, घरात एकाला कान आहे."

"असं म्हणाले?"

"अगदी असंच. ऐटीत म्हणाले."

आप्पा थट्टा करत होते का, हे तिला कळेना. थट्टा करताना त्यांचा चेहरा कसा होई ते आठवायचा तिने प्रयत्न केला, आणि तिला तळहात तारांवर ठेवलेला तेवढा दिसला. अ‍ॅम्प्लिफायर घुं घुं करत होता. आचार्यांनी आवाजाचं बटण थोडं कमी केलं.

"कोण हो ते?" देवाप्पाने विचारलं. "विचारायचं राहूनच गेलं. वैनी का?"

"आई नाही. आईनं त्यांना कधी काही म्हटलं नाही."

"मग?"

"मी. तेव्हा कॉलेजात पी.यू.सी.ला होते," राजलक्ष्मी म्हणाली.

आचार्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. देवाप्पा मात्र पुढे सरकला.

"म्हणजे संगीत घेतलं होतं तुम्ही?"

"नाही. अर्थशास्त्र."

देवाप्पाने मान डोलावली, जणू अर्थशास्त्राचाही या गोष्टीशी काही संबंध असू शकेल. बसवंतने कापडाची घडी उचलली होती, पण ती घोडीजवळ नेऊन तो थांबला आणि त्याने राजलक्ष्मीकडे पाहिलं.

"घालू ना, अक्का?"

"घाला," ती म्हणाली. मग ती दाराशेजारची खुर्ची सोडून उठली, आणि स्पीकरच्या पेटीपुढे एक स्टूल होतं, त्याच्यावर जाऊन बसली.