कलम सातवे

पुष्पाबाईने कागद तिसऱ्यांदा परत सरकवला. फरशीवरून घसरत तो प्रशांत देवरेच्या गुडघ्यापाशी येऊन थांबला. त्याने तो उचलला नाही. सकाळपासून मांडी घालून बसल्याने त्याचे पाय बधिर झाले होते आणि शर्ट पाठीला चिकटला होता.

सुरतेच्या लिंबायत वस्तीतल्या त्या खोलीत एकच खुर्ची होती, तीही शेजारच्या सुषमाकडून आणलेली. तिच्यावर परक्या देशाचा दूत बसला होता. कागदोपत्री तो सुरतेत कापड खरेदीला आलेला व्यापारी होता, कारण ज्या देशाशी आपले संबंधच नाहीत, त्याचा दूत येणार कसा?

सहा वर्षांपूर्वी दोन्ही देशांचे बिनसले आणि वकिलाती बंद झाल्या. कशावरून, हे लिंबायतमध्ये कोणाला माहीत नव्हते आणि दिल्लीत कोणाला आठवत नव्हते. त्या भांडणात सुरतेचे बत्तीस मागवाले तिकडच्या तुरुंगात अडकून पडले. तिथल्या कारखान्यात माग चालवायला गेले होते. आपले पासपोर्ट परत द्या म्हणून मालकाच्या दारात बसले, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यातला एक पुष्पाबाईचा नवरा, हिलाल. दुसरा सुषमाचा नवरा, लखन. साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लखनने लिहिलेली चिठ्ठी फिरत फिरत दीड वर्षाने इथे पोचली होती. हिलालभाऊला मारले. आमच्या डोळ्यांदेखत. प्रेत आलेच नाही. पुष्पाबाईने तापीकाठी पळसाच्या पानांचा पुतळा जाळला आणि नवऱ्याचे दिवस केले.

आता दोन्ही देशांना मैत्री हवी होती. अकरा महिने तिसऱ्याच देशातल्या हॉटेलांत बोलणी चालली. आधी कोणाची वकिलात उघडायची, झेंडा किती वाजता चढवायचा, सगळे ठरले. अडले ते सातव्या कलमावर. एकतीस जणांना ते सोडणार होते, पण बत्तिसावा तापाने वारला आणि कुटुंबाची काही तक्रार नाही, असे त्याच्या बायकोने लिहून द्यायचे. पुष्पाबाई दिल्लीला यायला तयार होईना. म्हणून दिल्लीच लिंबायतला आली. मराठी येते म्हणून परराष्ट्र खात्याने प्रशांतला पाठवले. मूळचा धुळ्याचा, म्हणजे बाईला आपलाच वाटेल, असा साहेब लोकांचा हिशेब.

सही नाही केली तर ते एकतीस सुटतील का, असे तिने सकाळीच विचारले होते. नाही, असे त्याने सांगितले होते. मग हे विचारणे नव्हे, नरडे धरणे आहे, असे ती म्हणाली होती.

कोपऱ्यात सुषमा साडीवर टिकल्या चिकटवत होती. तिने सकाळपासून तोंड उघडले नव्हते.

"तू का गप वं?" पुष्पाबाईने शेवटी विचारले.

"मी काय बोलू, अक्का?" सुषमाने मान वर केली नाही. "मी बोलले तर तुमी अंगठा देशाल."

पुष्पाबाईने तिच्या हातांकडे पाहिले. मग प्रशांतला म्हणाली, "त्या बाबाला इचारा, कोनत्या दिशी मेला. चार वर्सं झाली, सर्वपित्रीला पान ठेवते मी. ज्यांची तिथी कोनाला म्हाईत नाही, त्यांच्या रांगेत."

प्रशांतने इंग्रजीत विचारले. दूताने चष्मा काढून डोळे चोळले. त्याचाही हा अकरावा महिना होता. मृत्यूच्या कारणाबद्दल त्याला बोलायची परवानगी नव्हती. तारखेबद्दल मात्र कोणी काही बजावले नव्हते. त्याने फाइल उघडली, पाने उलटली आणि तारीख वाचून दाखवली.

प्रशांतने वाकून फाइलमधली तारीख स्वतः पुन्हा वाचली.

"एकोणीस ऑगस्ट," तो म्हणाला. "एक्क्याण्णव."

"नागपंचमी नुकतीच झाल्ती," पुष्पाबाई स्वतःशीच पुटपुटली. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले. "भाऊ, तवा आपलं कोनी व्हतं का तठे?"

आपली वकिलात बंद झाली त्यानंतर, बारा सप्टेंबरला. तेव्हा प्रशांत दिल्लीत त्या देशाचे काम बघणाऱ्या टेबलावर कारकून होता. वकिलातीतून परत आणायच्या सामानाची तिकडून आलेली यादी त्यानेच टाइप केली होती. गालिचे नऊ, एअर कंडिशनर चौदा, चोवीस माणसांचे जेवणाचे टेबल एक. तळाशी एक ओळ होती: बत्तीस कैदी, कार्यवाही नंतर. तुरुंग वकिलातीपासून चार किलोमीटरवर होता.

वकिलात बंद होती, हे उत्तर तयार होते. सहा वर्षे सगळ्यांना तेच दिले होते. दूताला मराठी कळत नव्हती, आणि या दोघी कुठल्या दिल्लीला जाऊन तारखा ताडून बघणार होत्या?

"होतं," तो म्हणाला. "नऊ जण होते."

"काय करत व्हते?"

"सामान बांधत होते."

टिकल्या चिकटवणारे हात थांबले. पुष्पाबाईने कागद ओढून घेतला, शाईच्या पॅडवर उजवा अंगठा दाबला आणि सातव्या कलमाखाली उमटवला. दूताने सुस्कारा सोडून कागदासाठी हात पुढे केला.

तिने कागदावरचा तळवा उचलला नाही. दुसऱ्या हाताने पॅड प्रशांतपुढे सरकवले.

"आता तुमी. ताप आल्ता म्हनून."

साक्षीदाराची जागा तशीही कोरीच होती. प्रशांतने खिशातले पेन काढले.

"पेन नको, भाऊ."

त्याने पेन खिशात ठेवले आणि उजवा अंगठा शाईकडे नेला.

"डावा," पुष्पाबाई म्हणाली. "बाप्याचा डावा लावतात."