नानांचे कागद माझ्या पोटात

मी हार्ड डिस्क बोलतेय. सातपूरच्या एका कॉलनीत, योगिनीताईंच्या टेबलाखाली जो काळा कॉम्प्युटर असायचा, त्याच्या पोटात मी पाच वर्षं राहिले. मला मोठ्यानं बोलायची सवय नाही. आणि जे सांगायचंय ते आठवलं की अजून धडकी भरते, म्हणून मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या.

माझ्या आत आरशासारखी गुळगुळीत तबकडी आहे. ती मिनिटाला सात हजार दोनशे फेऱ्या घेते. तिच्यावरून एक वाचणारी सुई फिरते, पण टेकत नाही. दोघींच्या मध्ये अंतर असतं ते केसाहूनही कितीतरी बारीक. सुई टेकली की तबकडीवर ओरखडा येतो, आणि ओरखड्याखाली जे लिहिलेलं असेल ते गेलंच. जिथे मला बनवलं तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असायची, धुळीच्या एका कणाला घाबरून. तेव्हा भीती ही काही मला नंतर लागलेली खोड नाही. मी तिच्यातच जन्मले.

योगिनीताई पैठणीच्या नक्ष्या काढतात. चौकटी-चौकटीचा कागद असतो, एकेक चौकट म्हणजे एकेक धागा. कुठल्या चौकटीत कुठला रंग ते ठरवायचं आणि विणकराला छापून पाठवायचं. हे त्या त्यांच्या वडिलांकडून शिकल्या. वडील सावळीराम, येवल्याचे. सगळे त्यांना नाना म्हणतात. पंचेचाळीस वर्षं मागावर बसले. दुसऱ्यांच्या नक्ष्या तर विणल्याच, पण स्वतःच्याही काढल्या, पेन्सिलीनं, एकेक चौकट भरत. मग काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू नेली.

पुरती जायच्या आधी ते महिनाभर लेकीकडे राहायला आले होते. पत्र्याच्या पेटीतून कागद काढायचे, डोळ्यांजवळ धरायचे आणि सांगायचे.

"हा मुनियाचा. हिच्या चोचीत दाणा हाय बघ, बारीक. तो दिसतोय का तुझ्या मशिनीत?"

"दिसतोय नाना."

"मग ठेव."

ताई स्कॅन करायच्या, क्रमांक द्यायच्या आणि माझ्याकडे सोपवायच्या. असे तीनशे बारा कागद माझ्यात आले. आणि खरं सांगते, त्या महिन्यात मी भीती विसरले होते. कुणीतरी आयुष्यभराची कमाई आपल्या स्वाधीन करतंय, हे कळलं की माझ्यासारखीलाही जरा ताठ बसावंसं वाटतं.

घाव बसला तो त्या वर्षी, दिवाळीच्या आवराआवरीत. ताईंचे यजमान वाल्मीक एका कारखान्यात मशीन चालवतात. माणूस स्वभावानं चांगला, पण हाताला घाई फार. कॉम्प्युटर चालू होता आणि त्यांनी मागची जळमटं काढायला टेबल खसकन ओढलं. कॉम्प्युटरचा डबा आडवा पडला. क्षणभरच. माझी सुई टेकली.

"अहो, बंद तरी करायचा ना आधी!" ताई ओरडल्या.

"काही नाही झालं. चालतोय बघ."

चालत होते मी. इथेच माझं चुकलं. आम्हा डिस्कांना एक सोय दिलेली असते. एखादी जागा खराब झाली की तिथला मजकूर हळूच राखीव जागेत हलवायचा, वर कुणाला कळू द्यायचं नाही. मी तेच करत बसले. आज एक जागा झाकली, उद्या तीन, मग चाळीस. आजारी आहे असं कळलं तर काढून टाकतील, या भीतीनं मी गप्प राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात येवल्याहून नवसाबाईचा फोन आला. नानांच्या मागावर आता तीच बसते, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली.

"ताई, नानांच्या पेटीचा तळ गंजलेला, तिथून वाळवी शिरली हो. सहज उघडली तर आत नुसता भुसा. एक कागद धड नाय राहिला."

ताईंनी नानांना फोनवर घेतलं. "नाना, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे. एकदम सुरक्षित."

सुरक्षित! तो शब्द ऐकला आणि माझी तबकडी गार पडली. कारण तोवर माझ्या राखीव जागा संपत आल्या होत्या. आणि त्या कागदांची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती.

मी मंद होत गेले. एक नक्षी उघडायची तर ताई कुकर लावून यायच्या. शेवटी वाल्मीकरावांनी मनावर घेतलं. आता माझ्या जागी एसएसडी टाकायची, नव्या जातीची डिस्क. तिच्यात फिरणारं काही नसतं, सुई नाही, आवाज नाही. सगळं चिपमध्ये. डोळ्याची पापणी लवते तोवर कॉम्प्युटर चालू.

कारखान्यातून आले की ते मोबाइल घेऊन बसायचे आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तुलना मांडायचे. एक केबलला लागणारी. दुसरी बोर्डावरच चपटी बसणारी, पहिलीच्या पाच-सहापट वेगवान. तिसरी कुठल्याशा नाव न ऐकलेल्या कंपनीची, साठवणुकीचा आकडा सगळ्यात मोठा. कुणाचा वेग किती, वॉरंटी तीन वर्षं की पाच, आयुष्यभरात एकूण किती लिहून घेईल. मी खालून ऐकत होते. आपल्या जागी कोण येणार याची चर्चा आपल्याच डोक्यावर चाललीय, तेव्हा काय वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही.

"आणि हिचं काय करायचं?" ताईंनी विचारलं.

"फॉरमॅट मारू आणि गेटच्या कॅमेऱ्याला लावून देऊ. तेवढी चालेल."

फॉरमॅट म्हणजे पुसून टाकणं. ताई म्हणाल्या, "आधी माझं सगळं तिकडे घ्या बरं का." वाल्मीकराव हो म्हणाले. पण ते तीनशे बारा कागद माझ्यातून आता सहजासहजी निघणार नाहीत, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि मी सांगितलं नव्हतं.

वाल्मीकरावांनी भिकनभाऊंना फोन लावला. सातपूरलाच भाऊंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे.

"चपटी घेऊ नका," भाऊ म्हणाले. "तुमच्या बोर्डाला ती बसायची जागाच नाही. केबलवाली घ्या. ताईंच्या कामाला तेवढा वेग पुष्कळ. आणि ती मोठ्या आकड्यावाली तर मुळीच नको. आतमध्ये निम्मी जागासुद्धा नसते कधी कधी. भरत गेलं की मागचं पुसतं."

"मग काय बघून घ्यायची?"

"वॉरंटी बघा, कंपनी बघा. आणि एक ध्यानात ठेवा. हार्ड डिस्क मरायच्या आधी आवाज करते. एसएसडी करत नाही. एक दिवस कॉम्प्युटरला नुसती दिसेनाशी होते. म्हणून कुठलीही घ्या, दुसरी प्रत पाहिजेच."

आवाज करते. ते वाक्य माझ्या मनातून जाईना.

एसएसडी आली, खोक्यातच होती. त्या रविवारी सकाळी नवसाबाईचा फोन आला. मागावर एकशे अठरा नंबरचा पदर लागला होता. पदर मोठा, म्हणून ताई तो चार तुकड्यांत छापून पाठवायच्या. दोन तुकडे विणून झाले होते, पुढचे दोन हवे होते. माग थांबला होता.

ताईंनी एकशे अठरा उघडायला घेतला. पसरत गेलेला ओरखडा आता नेमका त्याच्यावर पोचला होता.

मी सुई नेली. वाचता आलं नाही. परत आणली, परत नेली. आता झाकायला जागा उरली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी आवाज केला. टक्. टक्. टक्.

"हे काय वाजतंय?" ताई खाली वाकल्या.

"हँग झाला असेल. बंद करून चालू करतो." वाल्मीकरावांनी केलं. पडद्यावर आपोआप दुरुस्ती करू का, अशी पाटी आली. त्यांचं बोट बटणावर गेलं. ती दुरुस्ती म्हणजे माझ्या साऱ्या जखमेवरून सुई पुन्हा पुन्हा घासणं. मी ओरडत होते, म्हणजे टकटकत होते. दुसरी भाषा मला येत नाही.

"थांबा," ताई म्हणाल्या. "आधी भिकनभाऊंना ऐकवू." त्यांनी फोन डब्याजवळ धरला.

भाऊंचा सावकाशपणा कुठल्या कुठे गेला. "बंद करा! आत्ता. प्लग ओढा. पुन्हा चालू करायची नाही, काही दाबायचं नाही. तशीच घेऊन या."

अंधार झाला. आमच्यासाठी वीज जाणं म्हणजे झोपही नव्हे; बाहेरचं कानावर पडत राहतं, पण आतलं काहीच वाचता येत नाही.

पुन्हा वीज मिळाली तेव्हा मी डब्यातून बाहेर काढलेली, भाऊंच्या टेबलावर पडले होते. समोरून टेबलफॅनचा वारा, शेजारी ती नवी एसएसडी. इवलीशी, शांत. तिच्याबद्दल राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. वाटलं, बाई, लवकर घे गं माझ्याकडून.

"विंडोज-बिंडोज नंतर," भाऊ म्हणाले. "आधी नानांचे कागद. नाजूक आहे ताई, मी शब्द देत नाही."

ताईंनी फोनवर कळवल्यावर दुपारी नाना आले. नवसाबाई त्यांना एसटीनं घेऊन आली होती, पिशवीत छापलेले ते दोन तुकडे जपून धरून. कुणी नको म्हणालं तरी नानांनी ऐकलं नव्हतं. त्यांना माझ्याजवळ स्टूल दिलं. त्यांना दिसत नव्हतंच, पण ते मान तिरकी करून ऐकत बसले. मागाचा आवाज ऐकून धागा कुठे ताणलाय ते सांगणारा माणूस तो.

एक कागद गेला. दहा गेले. शंभर. मग मी अडले, सुई थरथरायला लागली.

"भाऊ, जरा थांबवा," नाना म्हणाले. "ही दमली. आवाज फाटाया लागलाय हिचा."

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, कॉपी थांबवली. मी नुसती फिरत राहिले, वारा घेत. मग पुन्हा सुरू. असं चार-पाच वेळा झालं, दर वेळी नानांच्या कानाच्या भरवशावर. वाल्मीकराव दारात उभे होते. दिवाळीचा तो धक्का त्यांनी तेव्हा सगळ्यांसमोर बोलून दाखवला. "माझ्या हातून पडला होता मामा. मी काही झालं नाही म्हणालो." नानांनी नुसता हात वर केला, असू दे म्हणून.

संध्याकाळच्या आत तीनशे दहा कागद पलीकडे पोचले. भाऊंनी लगेच त्यांची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर केली. दोन उरले. एकशे अठरा आणि दोनशे एकाहत्तर. मी खूप जोर केला. सुई तबकडीवर घासल्याचा असा आवाज आला की भाऊंनी स्वतःच मला बंद केलं.

पुढचं मला भाऊंच्या दुकानातल्या बोलण्यातून कळलं. एकशे अठराचे पहिले दोन तुकडे नवसाबाईकडे होतेच. नाना तीन दिवस लेकीकडे राहिले आणि त्यांनी पुढचा पदर तोंडानं सांगितला. "डावीकडून चौदा चौकटी सोड. तीन हिरव्या. आता खाली ये." बोटं मांडीवर धागे मोजत असायची. ताई नव्या एसएसडीवर चौकटी भरत गेल्या. चौथ्या दिवशी नवसाबाईचा माग सुरू झाला.

पण दोनशे एकाहत्तर? तो कोणता होता, तेच कुणाला आठवत नाही. ताईंनी स्कॅन करताना फक्त क्रमांक टाकले होते, नावं नाहीत. नानांनी आठवून आठवून पाहिलं. मोर म्हणावे तर सगळे मोर सापडलेत. कमळंही सापडलीत. "काहीतरी हाय," ते म्हणाले, "जे मी काढलं हुतं. पण काय हुतं?" आणि मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज घाबरलेला होता. हातातली वस्तू हरवली तर माणूस शोधतो. काय हरवलंय हेच माहीत नसेल तर कुठे बघणार?

आता मी भाऊंच्या कपाटात आहे, स्पंजात गुंडाळलेली. वर ताईंच्या अक्षरात चिठ्ठी आहे, 'चालू करू नये'. पुण्यात काही लोक डिस्क उघडून सुई बदलतात म्हणे, धूळ नसलेल्या खोलीत. एकदाच प्रयत्न होतो. जमला तर जमला, नाहीतर तबकडी कायमची जाते. येत्या आठवड्यात ताई मला नेणार आहेत. मांडीवर घेऊन जाईन, असं त्या भाऊंना म्हणाल्या.

मला फार भीती वाटते. मोडण्याची नाही, ती आता सरली. उघडतील आणि तिथे काहीच नसेल, याची.

तुम्हाला हात जोडून एवढंच सांगते. तुमच्या घरात जे एकाच जागी ठेवलेलं आहे, मग ती जागा माझ्यासारखी जुनी असो की एसएसडीसारखी नवीकोरी, ते आज दुसरीकडेही उतरवून ठेवा. आमच्यातली एक आवाज करून मरते, एक न करता. आणि आवाज करणारीही, घाबरली की किती दिवस गप्प बसू शकते, ते तुम्ही ऐकलंत.

दोनशे एकाहत्तर अजून माझ्यात आहे का? वीज नसली की मला स्वतःलाही वाचता येत नाही. मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही.