सौनात भाजलेला टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. हिवाळ्याचा, खिळ्यांचा. माझ्या अंगात बारीक टणक खिळे आहेत आणि ते बर्फात रुततात. कोरड्या रस्त्यावर मी करकर वाजतो. काहींना तो आवाज सहन होत नाही. नसेना का! मला कोणाची मर्जी राखायची नाही.

जन्म कारखान्यात झाला, पण मला माणसात आणलं हिल्काआजीनं. फिनलंडच्या उत्तरेला, तळ्याकाठच्या गावात ती एकटी राहते. दुकानदार तिच्या गळ्यात बिनखिळ्यांचे, गुपचूप चालणारे टायर मारू पाहत होता. ती म्हणाली, "ते खिळेवाले काढ. आमच्या उतारावर डिसेंबरात नुसती काच असते." नव्या टायरचे खिळे घट्ट बसावेत म्हणून सुरुवातीला गाडी हळू चालवायची असते. तिनं ती इतकी हळू चालवली की मागचे हॉर्न वाजवून थकले. "वाजवा, वाजवा!" ती आरशात बघून म्हणायची. "माझी बाळं अजून रांगतायत."

आम्ही पाच भाऊ. चार गाडीला आणि एक जादा. बर्फ वितळला की आजी आम्हाला धुवायची, खाचांतले खडे टोकरून काढायची, कोण कुठल्या चाकाचा ते खडूनं लिहायची आणि बटाट्यांच्या थंड, अंधाऱ्या तळघरात ठेवायची. हिवाळ्यात गाडीला असताना थंडीनं आमच्यातली हवा कमी होते म्हणून ती दर पंधरवड्याला तपासायची. असं कोणी जपलं की रबरालाही जीव लावावासा वाटतो.

मग एका वसंतात तिची कंबर धरली. लाकडांचा ट्रक चालवणारा तिचा जावई एस्को मदतीला आला. "आई, तळघराच्या पायऱ्या उतरूच नका. टायर मी सौनात ठेवतो, हाताशी राहतील." सौना म्हणजे घामाघूम होऊन अंघोळ करायची लाकडी खोली. त्याशिवाय तिथे घर पुरं होत नाही. एस्कोनं आम्हा चौघांना तिथल्या भट्टीच्या मागे रचलं. जादा भाऊ तळघरातच होता, तो राहिला. उन्हाळाभर भट्टी पेटत राहिली. माणसं घाम गाळून तळ्यात उड्या मारायची, आणि आम्ही तिथेच भाजत राहायचो. आमचं रबर लाकडासारखं कडक झालं. एस्कोचा निष्काळजीपणा नव्हता, मायाच होती. पण मायेनं भाजलं तरी भाजतंच!

नोव्हेंबरात दुकानाजवळच्या उतारावर आजीनं ब्रेक वेळेवर दाबला. मी साक्षीदार आहे. खिळ्यांनी जीव तोडून धरलं, पण कडक रबर बर्फाला चिकटेना. गाडी घसरत जाऊन बर्फाच्या ढिगात शिरली. कोणाला लागलं नाही. पण संध्याकाळी मुलगी मेर्वी येऊन थडकली.

"आई, पुरे आता. किल्ली दे."

"मी ब्रेक वेळेवर लावला होता."

"सगळे म्हातारे हेच म्हणतात. आता शहरात चल. फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, खाली दुकान आहे."

"आणि माझा शनिवारचा नाच? लिफ्टबरोबर टँगो करू?"

मेर्वीनं किल्ली उचलून खिशात टाकली. एस्को खाली मान घालून कॉफी ढवळत बसला. मला असा संताप आला! सगळे आजीच्या सुरकुत्या बघत होते. माझ्याकडे कोणी बघेना.

सकाळी आजी काठी टेकत गाडीपाशी आली. बादली उपडी घालून बसली आणि माझ्या अंगात अंगठ्याचं नख रोवू लागली. नखच वाकलं. तिनं एस्कोकरवी तळघरातला पाचवा भाऊ आणवला. आमच्याच वयाचा, एकाच दिवशी घेतलेला. त्याच्यात नख सहज रुतलं.

"एस्को, हे चौघे उन्हाळाभर कुठे होते?"

"सौनात."

"भट्टीमागे?"

"तुमच्या कमरेसाठीच हो, आई…" एस्को कानापर्यंत लाल झाला.

"वा रे ड्रायव्हर!" मेर्वी नवऱ्यावर कडाडली. "बटाटे थंडाव्याला आणि टायर वाफेला!"

आजीनं मेर्वीपुढे तळहात केला. मेर्वीनं खिशातून किल्ली काढून त्यावर ठेवली. "नवे चार बसेपर्यंत गाडी हलणार नाही," आजी म्हणाली. "आणि हे तुम्ही नाही, मी ठरवलंय."

आता गाडीला नवे टायर आहेत. मला भंगारात टाका, असं सगळे म्हणाले. आजीनं मला दोरी बांधली. दारापासून सौनापर्यंतच्या गोठलेल्या वाटेवरून मला ओढतात. माझे खिळे बर्फ खरवडतात, मग तिथे कोणाचा पाय घसरत नाही. बघा, मोडीत निघालेला मी अजून माणसं सावरतोय!

मित्रांनो, मी दयेची भीक मागत नाही. एवढंच बजावतो की गाडी घसरली तर चालवणाऱ्याच्या वयाकडे बोट दाखवण्याआधी खाली वाका आणि टायरला नख लावून बघा. विश्वास बसत नसेल, तर शनिवारी आजी नाचाला निघाली की अंगणात या आणि एस्कोला विचारा. मला ओढायचं काम त्याच्याकडेच आहे.