रेनो कांगासच्या कागदावरची फाट

ही हकिकत मी एल्वी कांगास या बाईंकडून २००१ सालच्या नोव्हेंबरातल्या तिसऱ्या रविवारी, त्यांच्या स्वयंपाकघरात, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान ऐकली. मिशिगनच्या उत्तर टोकाकडील आमच्या गावात या कुटुंबाविषयी पुष्कळ बोलले जाते. प्रत्यक्ष पाहिलेले सांगणाऱ्या मात्र त्या एकट्याच. सांगताना त्यांचा चमचा कपावर आपटत होता, आणि घटनेला तीन वर्षे होऊनही त्यांचा राग तसूभरही उतरलेला दिसला नाही.

त्यांचा नवरा रेनो आणि धाकटा दीर आर्वो यांचे एका हरणावरून बिनसले. १९९७ च्या शिकारीच्या हंगामात रेनोचा बाण एका मोठ्या नराच्या मांडीत घुसला. दोन दिवस माग काढूनही तो सापडला नाही. तिसऱ्या दिवशी आर्वोने त्याला गाठून मारले आणि शिंगे आपल्या भिंतीवर लावली. पहिले रक्त काढणाऱ्याचे जनावर, असे आमच्याकडे मानतात. आर्वोच्या मते मांडीतला बाण हा बाणच नव्हे. आणि रेनोने वर्षभर एकच धरून ठेवले, की त्या शिकारीच्या आदल्या आठवड्यात उसने नेलेले धनुष्य आर्वोने मुद्दाम बिघडवून परत केले.

१९९८ चा हंगाम उघडायला दोन दिवस असताना रेनोने अंगणात जुन्या खिडकीच्या चौकटीवर कागद ताणला, मागे गवताचा भारा ठेवला आणि सहा पावलांवरून बाण सोडू लागला. बाण सरळ जात असेल तर कागदाला स्वच्छ भोक पडते. तिरका जात असेल तर पिसांकडची शेपूट एका बाजूला कागद फाडत जाते, आणि टोक तिच्या उलट दिशेला वळलेले असते. पूर्वेकडे सोडलेला प्रत्येक बाण उजवीकडे फाडत होता. बाण टेकतो ती पट्टी रेनोने केसभर इकडे सरकवली, केसभर तिकडे सरकवली. फाट हलली नाही.

“मूठ सैल सोड,” एल्वी म्हणाल्या. “गळा कुणाचा दाबतोयस?”

“तू आत जा. भांडी बघ.”

“भांडी झाली. आता तमाशा बघते.”

रेनोने चिडून चौकट उलटी फिरवली आणि पश्चिमेकडे बाण सोडला. फाट आता डावीकडे पडली. म्हणजे टोक दोन्ही वेळा उत्तरेकडेच वळले होते, आणि उत्तरेला, जंगलापलीकडे, आर्वोचे घर होते. हे एल्वींच्या ध्यानात आले.

तेवढ्यात आर्वोचा ट्रक दक्षिणेच्या फाटकाशी येऊन थांबला.

“वर्षभर गावभर माझी बदनामी करतोयस. आण ते धनुष्य इकडं!”

त्याने हिसकावून घेऊन पूर्वेकडे एकच बाण सोडला. भोक स्वच्छ पडले.

“धनुष्याला काही झालेलं नाही, वहिनी. बिघडलाय तो धरणारा,” असे म्हणत तो ट्रकला टेकला.

रेनोने दात आवळून, पुन्हा पूर्वेकडेच, बाण सोडला. या वेळी फाट डावीकडे होती. टोक दक्षिणेला, ट्रककडे. आर्वो हसतच गोठ्याजवळ, उत्तरेच्या बाजूला, पाहायला गेला. पुढची फाट उजवीकडे पडली. मग तो हसायचा थांबला.

“परवा कुठल्या झाडावर बसणार आहेस?” रेनोने शांतपणे विचारले. हंगामाच्या आधी दोघे भाऊ हे एकमेकांना नेहमी सांगत. चुकूनही त्या दिशेने बाण जाऊ नये म्हणून. तीस वर्षांत पहिल्यांदाच आर्वोने उत्तर दिले नाही. तो ट्रकमध्ये बसून निघून गेला.

एक ऑक्टोबरला उजाडताना एल्वींनी खिडकीतून पाहिले. रेनो कागद बदलत होता, प्रत्येक बाणानंतर चौकट थोडी फिरवत होता. सातव्या कागदाला स्वच्छ भोक पडले. त्याने सहाही बाण पुसून भात्यात ठेवले आणि चौकटीपलीकडे, त्याच रेषेत, थेट दलदलीत पाऊल टाकले.

“रेनो! पाऊलवाट इकडं आहे!” त्या ओरडल्या.

“ठाऊक आहे मला.”

त्यांनी आर्वोच्या घरी फोन लावला. तो वाजतच राहिला.

दुपारी रेनो परतला आणि सूप मागू लागला. सहाही बाण भात्यात होते, सहाही कोरडे; पुढे शेरीफच्या माणसांनीही ते निरखून परत दिले. आर्वोचा ट्रक जंगलाच्या कडेला उभा सापडला. आर्वोला नऊ दिवस शोधले, पण तो सापडला नाही.

“तरी आमच्या या मेल्याचं समाधान झालेलं नाही,” असे म्हणत एल्वींनी खणातून तीन कागद काढून माझ्यासमोर आपटले. रेनोने त्यानंतरच्या प्रत्येक ऑक्टोबरात एक, असे ते फाडलेले होते. तिन्हींवर फाट डावीकडे नव्हती, उजवीकडेही नव्हती. ती भोकापासून सरळ वर गेली होती. म्हणजे बाणाचे टोक खाली, जमिनीकडे वळलेले होते.

हे अंगणातच फाडले का, असे मी विचारले.

“चौकट तीन वर्षं अंगणात नाही,” त्या म्हणाल्या.

ती सध्या कुठे उभी आहे, याची खातरजमा मला करता आलेली नाही.