पिवळा उजेड अडवणारी काच

सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान मुलाकडे सोपवल्यावर हात रिकामे राहिले, म्हणून त्यांनी कॅमेरा घेतला आणि गच्चीवरून आकाशाचे फोटो काढायला लागले. फोटो यायचे ते सगळे चहाच्या रंगाचे. रस्त्यावरच्या दिव्यांचा पिवळा उजेड आकाशभर पसरायचा आणि त्यात तारे बुडून जायचे. तो पिवळा रंग अडवणारा फिल्टर मिळतो असं कळल्यावर त्यांनी घरात कुणाला न सांगता मागवून टाकला.

फिल्टर आला तो लेन्सच्या तोंडाला मोठा. मग मधे बसवायची कडी मागवली. ती येईपर्यंत त्यांच्या रस्त्यावरचे पिवळे दिवे उतरून पांढरे लागले. ते लावले घरच्याच सुनेनं. ती नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यात वायरमन होती. दिवे बदललेले सासऱ्यांना दिसले होते, पण उजेड तो उजेड, असं त्यांनी धरलं.

कडी आली त्या संध्याकाळी त्यांनी फिल्टर हलक्या हातानं फिरवून बसवला, एका ठळक ताऱ्यावर पुन्हा फोकस लावला आणि फोटो काढला. आकाश धुक्यासारखं पांढुरकं.

"काचेत खोट आहे. परत पाठवतो."

सून वाळलेले कपडे काढत होती. "काच चांगली आहे, बाबा. ती पिवळा रंग अडवते. पांढऱ्या उजेडात सगळेच रंग असतात, ती काय काय अडवणार?"

"मग आधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही काच मागवलीय हे मला आत्ता कळतंय."

त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला. दोन दिवस घरात जेवढ्यास तेवढं बोलणं झालं.

तिसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "मालधक्क्यामागचा रस्ता अजून पिवळा आहे. पुढच्या आठवड्यात दिवे बदलायला आमची गाडी तिकडे जाणार. यायचं तर आज चला."

दोघं गेले. तिनं बॅटरी धरली, त्यांनी काच बसवली. फोटोत आकाश काळं आलं, आणि मृगाच्या तीन ताऱ्यांखाली नखाएवढा गुलाबी ठिपका.

"काच पुसायची राहिली वाटतं," ती म्हणाली.

"डाग नाही तो. तिथे नवे तारे तयार होतात." त्यांनी तो ठिपका मोठा करून पाहिला. मग विचारलं, "इकडचं काम जरा पुढे ढकलता येईल?"

"येईल. पण निम्मे दिवे बंद आहेत. कामावरून सुटलेल्या बायका इथूनच अंधारात चाचपडत जातात."

"मग नको ढकलूस," ते म्हणाले आणि पुढचा फोटो काढायला वाकले.

ठरल्या दिवशी तिनं तिथले दिवे बदलले. तोवर त्यांना आणखी दोनदा जाता आलं. एकदा ढग आले. गुलाबी ठिपक्याचा फोटो आता त्यांच्या मोबाइलवर असतो. कुणी विचारलं तर ते सविस्तर सांगतात. नाही विचारलं तरी सांगतात.