रघू आत आहे का?

मी एक जुना दरवाजा आहे. डिलाईल रोडच्या एका चाळीत मला बसवलं, तेव्हा माझं सागवान इतकं चकचकीत होतं की शेजारणी मुद्दाम हात फिरवून बघायच्या. मित्रांनो, तेव्हा मला काम फारसं नव्हतं. चाळीत दिवसा कुणी दार लावतच नसे.

गिरण्यांचा संप लांबला आणि मी भरदुपारीही बंद राहू लागलो. आमच्या खोलीत रामचंद्र आणि त्याची बायको शेवंता राहायचे. रामचंद्र संपात पुढे होता. त्याच्याच खात्यातला रघू मात्र, पोरगी आजारी पडल्यावर, गुपचूप कामावर जाऊ लागला होता.

एका दुपारी तो धापा टाकत आत शिरला. "वहिनी, मागे लागलेत. मारतील मला!"

शेवंताने त्याला मोरीत बसवलं आणि मला कडी घातली.

मग बुक्के पडू लागले. माझी वरची बिजागरी आधीच ढिली होती. एक फळी तडकली. आता मी मोडणार, एवढंच मला सुचत होतं.

"वहिनी, रघू आत आहे का?"

मला वाटलं, हिने नाही म्हणावं. एका शब्दात सगळे सुटू. पण शेवंताने कडी काढली. समोर काठ्या होत्या, आणि त्या गर्दीत रामचंद्रही होता.

"आहे," ती म्हणाली. माझ्या चौकटीवरचा तिचा हात घामाने ओला झाला होता. "तो चुकलाय. मलाही राग आलाय. पण माझ्या घरात त्याला कुणी हात लावायचा नाही."

"शेवंता, बाजूला हो."

"अहो, मग तुम्हीच करा मला बाजूला. सगळ्यांच्या देखत."

काठी भिंतीला टेकवून रामचंद्र तिच्या शेजारी आला आणि गर्दीकडे तोंड करून उभा राहिला.

"घरी जा रे. त्याच्याशी सभेत बोलू."

कुणीतरी शिवी हासडली. एक दगड माझ्यावर बसला. मग हळूहळू जिना रिकामा झाला.

रघू गेल्यावर रामचंद्र म्हणाला, "नाही म्हणाली असतीस तर?"

"तर त्यांनी घर धुंडाळलं असतं. आणि एकदा खोटं सांगितल्यावर तुमच्याशी मी काय बोलले असते?"

पुढे कित्येक महिने चाळीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. माझ्यावर कुणी खडूने 'गद्दार' लिहायचं, शेवंता पुसायची. ती काही धीट नव्हती. जिन्यात पाऊल वाजलं की तव्यावरची भाकरी करपायची. शेवटी संप विस्कटला. गिरणीचा भोंगा रामचंद्रासाठी वाजला नाही, आणि रघूसाठीही नाही.

आता चाळीच्या जागी टॉवर उभा राहतोय. मी जुन्या लाकडाच्या वखारीत पडून आहे. करवतीचा आवाज जवळ आला की अजून धस्स होतं.

मित्रांनो, मला रंग द्या, वाळवीपासून जपा, असं मी मागायला हवं. पण माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या दारांना आता बाहेरचा माणूस बघायला भिंग असतं. कुणी भेदरून बेल वाजवली, तर तो बरोबर की चूक हे त्या भिंगातून ठरवू नका. आधी आत घ्या, पाणी द्या. जाब मग विचारा.