दाखवायचं घर

घरांचा बाजार पडला म्हणून सगळं जग रडत होतं, आणि टाचणी मनातल्या मनात म्हणत होती, पडू दे, आणखी आपटू दे. तिला टाचणी म्हणायचे ते दोन कारणांनी. एक तर ती घरी बसून कपडे आल्टर करून द्यायची, ओठांत कायम चार टाचण्या धरलेल्या. आणि दुसरं म्हणजे त्या टाचण्या काढल्या की जी जीभ मोकळी सुटायची, ती त्याहून टोचरी. गल्लीत सहसा तिच्या नादी कोणी लागत नसे.

घर तिचं होतं, आता नव्हतं. नवरा ज्या फर्निचरच्या कारखान्यात होता तो बंद पडला, हप्ते थकले, बँकेनं घर ताब्यात घेतलं. इतकी साधी गोष्ट. त्याच गल्लीत तशी आणखी चार घरं होती, तेव्हा रडायचं तरी कोणापुढे? पण बँकेलाही घर विकता येईना, कारण घ्यायला माणूस कुठं होता? मग एजंट आला. इस्त्रीचा शर्ट, आवाजात साखर. म्हणाला, ताई, रिकाम्या घराला कुबट वास येतो, गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतं. आमची अडचणीतल्या घरमालकांना मदत करायची एक योजना आहे. तुम्ही इथंच राहा. भाडं नको. घर लख्ख ठेवायचं, गिऱ्हाईक आलं की हसतमुखानं दाखवायचं, आणि विकलं गेलं की पंधरा दिवसांत निघायचं. वर्षभरात नाहीच विकलं, तर बँक तेच घर तुम्हाला स्वस्तात भाड्यानं देईल, तसं कागदावर लिहिलंय.

म्हणजे स्वतःच्याच घराची राखण करायची, आणि ते विकणाऱ्याला हातभार लावायचा. मदत हा शब्द त्यानं सात वेळा वापरला. टाचणीनं मोजला होता. तरी तिनं सही केली, आणि ती त्या शेवटच्या वाक्यासाठी केली. बारा महिने कसंही करून हे घर विकू द्यायचं नाही, हे तिनं सही करतानाच ठरवून टाकलं.

हे सगळं सासऱ्यांसाठी. सासरे चाळीस वर्षं नळ दुरुस्त करत आले होते. आसपासच्या निम्म्या घरांतले पाइप त्यांच्या हातचे. लोक त्यांना नळवालेच म्हणायचे. चार वर्षांपूर्वी काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. पण या घरात ते आंधळे वाटायचे नाहीत. भिंतीला बोटं लावून सगळीकडे जायचे, आपला चहा आपण करायचे, दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याची थट्टा करायचे. मध्ये एकदा आठ दिवस लेकीकडे जाऊन राहिले होते. दोनदा पडले, जेवण सोडलं, लघवीला जायचं तर पोरासारखे हाका मारायचे. परत आले तेव्हा रिक्षातून उतरले ते रडतच. त्या आठ दिवसांत टाचणीला जे कळायचं ते कळलं. दुसऱ्या घरात हा माणूस जगेल, पण नुसता एक बोजा होऊन जगेल.

म्हणून त्यांना काही सांगायचंच नाही असं ठरलं. नवरा म्हणाला, बाबा हाय खातील. मग अळीमिळी गुपचिळी. घर बघायला येणारी माणसं म्हणजे कपडे आल्टर करायला आलेली गिऱ्हाइकं. मापं घ्यायला आत नेते बाबा, म्हणायचं आणि त्यांना खोल्याखोल्यांतून फिरवायचं. कपाटाची दारं वाजली तर आरसा बघतायत म्हणायचं. म्हातारा खूश. सूनबाई, तुझा धंद्यात जम बसला हो, असं कौतुकानं म्हणायचे, आणि त्या कौतुकानं टाचणीच्या काळजाला घरं पडायची.

दहा महिन्यांत अकरा जण आले. तोंडावर हसू ठेवून टाचणीनं अकराही परतवले. एकाला सांगितलं, शेजारचा कुत्रा पहाटे चारला सुरू होतो. एकीला म्हणाली, पाणी वरच्या नळाला येत नाही असं नाही, पण येतं ते मुताच्या धारेनं. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. बाजार चांगला असता तर असल्या गोष्टींकडे कोणी ढुंकून पाहिलं नसतं. पण घेणाऱ्याला आता शंभर घरं होती, निमित्त मिळालं की तो पुढचं दार वाजवायचा. ज्या मंदीनं घर घालवलं तीच आता राखत होती. राहिले होते दोन महिने.

आणि मग ते दोघं आले. ती शाळेत गणित शिकवायची, तो इस्पितळात नर्स. तरुण, जरा भेदरलेली जोडी, बोलायची ती कुजबुजत. कुत्र्याचं सांगितलं तर तो म्हणाला, मी तरी रात्रपाळीहून चारलाच येतो, सोबत होईल. पाण्याचं सांगितलं तर गणितवाली हसली. मग ती स्वयंपाकघरात खिडकीपाशी थांबली आणि टेबल कुठं बसेल ते वितीनं मोजायला लागली. घर नुसतं बघणारं माणूस मोजमाप करत नाही, हे टाचणीला शिवणकामानं शिकवलं होतं.

तेव्हा तिनं शेवटचं अस्त्र काढलं. मागच्या खोलीत कपाटाआड भिंतीला ओल होती. दोन वर्षांपासूनची, गुडघ्याएवढी चढलेली, रंगाचे पोपडे सुटलेले. हे कपाट जागचं हलवायचं नाही हं ताई, असं एजंट बजावून गेला होता. सासऱ्यांनाही त्या ओलीचा पत्ता नव्हता. कळलं असतं तर म्हातारा चाचपडत पान्हा घेऊन बसला असता आणि कुठंतरी हात कापून घेतला असता, म्हणून तीही गोष्ट त्यांच्यापासून लपवलेली. घर कमी किमतीला गेलं तर कर्जातली उरलेली तूट आपल्याच डोक्यावर बसणार, हेही टाचणीला ठाऊक होतं. पण घर विकलंच नाही तर कसली तूट? तिनं खांदा लावून कपाट सरकवलं.

"बघून घ्या," ती ठसक्यात म्हणाली. "ही ओल जन्मात जायची नाही. आज इथं आहे, उद्या छतापर्यंत जाईल. अख्खी भिंत सडलीय."

दोघांचे चेहरे खर्रकन उतरले. टाचणीला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला, पण सुटल्यासारखंही वाटलं. एवढ्यात दारात सासरे उभे. भिंतीला बोटं, मान तिरकी.

"कोणाच्या घरी ओल आहे?" त्यांनी विचारलं.

चाळीस वर्षं नळांत घालवलेल्या माणसासमोर ओल जन्मात जायची नाही म्हणणं म्हणजे त्याच्या वर्मावरच बोट. पण खोटं बोलायची दहा महिन्यांची सवय, ती धावून आली. "यांच्या घरी, बाबा," टाचणी म्हणाली. "माप देता देता सांगत होते."

गणितवालीनं एकदा टाचणीकडे पाहिलं, एकदा म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडे. हुशार पोरगी, लगेच समजली. तिच्या जागी टाचणी असती तर तीही समजली असती. सासऱ्यांनी प्रश्न सुरू केले, अगदी डॉक्टरनं विचारावेत तसे. भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे का? गणितवालीनं दाराबाहेर डोकावून पाहिलं आणि हो म्हणाली. ओल खालून किती वर? तिनं हात लावून बघितलं आणि म्हणाली, गुडघ्याएवढी. पोपडे कुठं जास्त, कोपऱ्यात की मध्ये? कोपऱ्यात. बारा महिने सारखी, की कमी-जास्त होते?

इथं ती अडली. तिनं टाचणीकडे पाहिलं. टाचणी काय बोलणार? दुसऱ्याच्या घरातली ओल तिला कशी ठाऊक असणार? नर्सनं अंदाजानं ठोकून दिलं, सारखीच असते आजोबा.

"मग भिंत सडलेली नाही," सासरे म्हणाले, आणि कित्येक दिवसांत त्यांचा आवाज एवढा खणखणीत आला नव्हता. "नळाच्या वळणावरचा एल्बो सुटलाय. चार फरश्या काढा, जोड बदला, भिंत महिनाभर वाळू द्या. अर्ध्या दिवसाचं काम. भिंत पाडावी लागेल म्हणून कोणी सांगितलं तर तो तुम्हाला चुना लावतोय समजा. घाबरू नका, पोरांनो."

पोरांनी आजोबांचे मनापासून आभार मानले. अगदी वाकून मानले. जाताना गणितवाली दारात घुटमळली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण टाचणीच्या नजरेला नजर न देता निघून गेली. सासरे खुर्चीत जाऊन बसले आणि संध्याकाळभर जुन्या कामांच्या गोष्टी सांगत राहिले. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

आठवड्यानं एजंट स्वतः आला, दात काढत. ताई, तुम्ही तर कमाल केलीत, म्हणाला. त्या दोघांना हे घर परवडतच नव्हतं, आणि असं घर कोण घेतो आजकाल? पण त्यांनी त्या दिवशी काढलेले भिंतीच्या ओलीचे फोटो बँकेला दाखवले, म्हणाले भिंत नव्यानं बांधावी लागेल. बँकही कंटाळलेली, तिनं किंमत चांगलीच खाली आणली. सौदा झाला. तेवढी तूट अर्थात तुमच्या नावावर राहील, नियमच आहे तो. पंधरा दिवस आहेत तुमच्याकडे. आणि हो, ते विचारत होते, काम काढतील तेव्हा आजोबा जरा शेजारी बसून सांगतील का? रिकाम्या हातानं पाठवणार नाहीत.

एरवी सगळ्यांना शब्दांनी फाडून खाणाऱ्या टाचणीनं त्याला एक शिवी दिली, तीही धड जमली नाही. तो गेल्यावर ती सासऱ्यांसमोर स्टुलावर बसली. आता लपवून काय करणार? पंधरा दिवसांनी त्यांच्या हातांना कळणारच होतं.

त्यांनीच आधी विचारलं, "त्या पोरांचं काम झालं का गं?"

"बाबा, ती ओल त्यांच्या घरातली नाही. आपल्या मागच्या खोलीतली आहे. आणि घरही आपलं नाही, दहा महिने झाले. ते दोघं कपडे द्यायला नव्हते आले. त्यांनी घर घेतलं. तुम्ही सांगितलंत म्हणून त्यांना घेता आलं."

तिनं हे एका दमात सांगून टाकलं, कारण थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं. नवराही तेवढ्यात रोजंदारीच्या कामावरून आला होता, तो दारातच थिजला. सासरे बोलले ते अगदी हळू, रागावून नाही, आणि रागावले असते तर बरं झालं असतं.

"घर गेलं एवढं सांगितलं असतंत, तर मी तोंड मिटून बसलो असतो. भिंत ओली झाली एवढं सांगितलं असतंत, तर मी तीन वेळा विचार केला असता कोणाच्या भिंतीबद्दल बोलतोय. दोन्हीतलं एक तरी सांगायचं होतं. डोळे गेले होते गं माझे. अक्कल नव्हती गेली."

मग सासऱ्यांनीच विचारलं, आता जायचं कुठं, घर बघितलंय का? आणि ते अजून कुठंच मिळालेलं नाही, हेही त्यांना सांगावं लागलं.